पेल्ले कोणावर गुरगुरतो

ओड्वार,

पेल्लेला खच्ची न करताच परत आणलं. तसं कारण असल्याशिवाय इथे कुत्र्याला खच्ची करत नाहीत, कायदाच आहे, तुला ठाऊकच आहे. "गुरगुरतो," म्हटलं, तर डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "कोणावर?" शेजाऱ्यांवर नाही, पोस्टमनवर नाही. "नवऱ्यावर," माझ्या तोंडून निघून गेलं, "तो पिऊन आला की." माझ्या मनगटाकडे बघत त्या म्हणाल्या, "मग याला काही झालेलं नाही हो."

मी आणि पेल्ले मारितताईकडे जातोय. माशाचं सूप शेगडीवर आहे, गरम करून घे. शुद्धीत असशील तेव्हाच फोन कर.

तू दारात आलास की तो माझ्यापुढे येऊन उभा राहायचा. आणि इतके दिवस मी त्यालाच ओरडत होते.

इंगेर