अडतीस घरांच्या चाव्यांबाबत

मी, सरस्वती हरिचंद्र तेलवणे, वय वर्षे एकाहत्तर, धंदा दुकानदारी, राहणार मधुमालती सोसायटी, हेंद्रेपाडा, बदलापूर पश्चिम, हे मृत्युपत्र राजीखुशीने आणि पूर्ण अक्कलहुशारीने लिहीत आहे. माझं डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. दाखला देण्याआधी डॉक्टरांनी मला आजचा वार विचारला. मी वार सांगितला, तिथी सांगितली आणि त्यांच्या मिसेसनी सकाळी माझ्याकडून कुठला साबण नेला तेही सांगितलं. त्यांनी पुढे काही न विचारता सही केली. गुडघे कुरकुर करतात आणि रक्तात थोडी साखर आहे, बाकी मी ठणठणीत आहे. मरायची घाई नाही. पण माझ्यामागे भांडणं नकोत, आणि एक गोष्ट माझ्याच हाताने लिहिली जावी, म्हणून हा कागद. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेलं नाही.

माझे यजमान हरिचंद्र चौदा वर्षांपूर्वी वारले. मला दोन मुलं. थोरला वरद, जो बायको तेजस्वीसह माझ्याजवळ राहतो आणि माझ्याबरोबर दुकान सांभाळतो. धाकटी पद्मजा, जी लग्न होऊन अंबरनाथला असते. या दोघांशिवाय मला वारस नाही. कोणी पुढे आला तर त्याला चहा पाजून परत पाठवावं.

कलम १. राहता फ्लॅट वरद आणि तेजस्वी यांना समाईक द्यावा. बँकेतली सगळी शिल्लक आणि ठेवी पद्मजाला. पाटल्या पद्मजाला, मोहनमाळ तेजस्वीला. मोहनमाळ तेजस्वीच्या गळ्यात शोभते हे पद्मजानेच एका लग्नात कबूल केलं होतं, त्याला साक्षीदार भरपूर आहेत. माझी पितळी तागडी कोणी भंगारात घालू नये. काट्याचं मशीन आल्यापासून ती नुसती टांगलेली आहे, पण तिच्यावर तोललेल्या तांदळावर ही दोन्ही मुलं वाढली. ती पद्मजाने न्यावी.

कलम २. सोसायटीच्या तळमजल्यावरचा गाळा, त्यातला माल, फ्रीज, कपाटं आणि ‘पद्मजा जनरल स्टोअर्स’ ही पाटी वरदला द्यावी. अंबरनाथ एमआयडीसीतली यजमानांची कंपनी बंद पडली, तेव्हा हातात आलेल्या पैशातून त्यांनी हा गाळा माझ्या नावावर घेतला. म्हणाले, “मी यंत्रांशी बोललो आयुष्यभर, माणसांशी तू बोल.” आणि मी एकोणतीस वर्षं बोलत आले. दुकानाला मुलीचं नाव दिलं म्हणून वरद लहानपणी दोन दिवस जेवला नव्हता. आता त्या पाटीवरची धूळ रोज तोच पुसतो. पाटी बदलू नये.

पद्मजाचं म्हणणं असं की गाळा भाड्याने द्यावा आणि दादाने सुखात राहावं. ती वाईट हेतूने म्हणत नाही. तिने मला सरळ विचारलं, “आई, दुकान दादाचं होईल गं, पण चाव्यांचं काय? दादाच्या हातात कोण चावी देणार?” तिचा प्रश्न बरोबर आहे, आणि त्याचं उत्तर देण्यासाठीच मी हा कागद लिहायला बसले आहे.

कलम ३. चाव्यांची हकिकत. आमच्या सोसायटीत बहुतेक घरांतले नवरा-बायको दोघं नोकरीला जातात. सकाळी निघताना घराची चावी माझ्या गल्ल्यामागच्या फळीवर टांगायची, मग शाळेतून आलेली मुलगी, कामवाली, गावाहून आलेले सासरे, ज्याला त्याला ती मी द्यायची, ही पद्धत दुकानाच्या दुसऱ्या वर्षापासून आहे. आज फळीवर अडतीस चाव्या आहेत. एकीवरही नाव किंवा नंबर नाही. कोणाच्या चावीला लाल रिबीन, कोणाच्या चावीला तुटका चमचा, आणि कुठली कोणाची ते माझ्या डोक्यात, आणि बघून बघून वरदच्या. फळी चोरीला गेली तरी चोराने अडतीस घरं चढून बघावीत.

नियम एकच. चावी ज्याने ठेवली त्याला, किंवा त्याने स्वतःच्या तोंडाने ज्याचं नाव सांगितलं असेल त्याला. बाकी देव आला तरी नाही.

तिसऱ्या मजल्यावरचे अण्णा, कारखान्यातून ऑफिसर म्हणून रिटायर झालेले आणि एकटे राहणारे, दोन वर्षांपूर्वी बाथरूममध्ये पडले. पेपर न्यायला खाली आले नाहीत म्हणून नियम बाजूला ठेवून मी तेजस्वीला त्यांची फळीवरची जादा चावी देऊन वर पाठवलं, आणि ते वाचले. तेव्हापासून ते रोज दुकानाच्या बाकावर बसून मला धंदा शिकवतात. त्यांच्याकडून मी बाकाचं भाडं घेणार होते, ते या कलमान्वये माफ केलं आहे.

कलम ४. सोसायटीचे सेक्रेटरी श्री. किणीकर यांनी ‘रहिवाशांनी घराच्या चाव्या दुकानात ठेवू नयेत, सुरक्षेला धोका’ अशी नोटीस जिन्यात लावली होती. ती मी जपून ठेवली आहे. ती त्यांना परत द्यावी. नोटिशीखाली सही करून ते कामावर निघाले, तेव्हा त्यांचीच चावी माझ्या फळीवर होती. माझा त्यांच्यावर राग नाही. होता, आठ वर्षं होता, पण आता मजा वाटते.

कलम ५. हे कलम लिहायला मला अकरा वर्षं लागली.

दुसऱ्या मजल्यावर माधवी आपली मुलगी भाविका हिच्याबरोबर भाड्याने राहते, एमआयडीसीत पॅकिंगला जाते. अकरा वर्षांपूर्वी ती नवऱ्याला सोडून इथे आली. तिने चावी टांगताना मला बजावलं होतं, “काकू, माझा मिस्टर आला तर चावी द्यायची नाही. काही बोलला तरी नाही.” मी हो म्हटलं होतं.

तो आला. इस्त्रीचा शर्ट, हातात मुलीसाठी सफरचंदं, बोलणं एकदम मऊ. “काकू, चुकलो मी. घरात बसतो, ती आली की पाया पडतो तिच्या.” मला वाटलं, तुटलेला संसार आपल्या हाताने जुळतोय. मोठेपणा मिरवायची हौस, दुसरं काय! मी चावी दिली. त्याने तिचं शिलाई मशीन, मुलीचे शाळेचे दाखले आणि तिच्या आईने दिलेले कानातले उचलून रिक्षात घातले आणि गेला.

संध्याकाळी माधवी दुकानासमोर उभी राहून रडत होती. “कोणी दिली चावी? कोणी दिली?” बायका जमल्या होत्या. मी तोंड उघडलं, तेवढ्यात आतून वरद म्हणाला, “मी दिली. मला माहीत नव्हतं, ताई.”

मी गप्प राहिले. घरी आल्यावर वरद म्हणाला, “आई, माझ्यावर चार दिवस चिडतील. तुझ्यावरचा भरवसा गेला तर सगळे चाव्या काढून नेतील. आणि ती पोरं शाळेतून आल्यावर जिन्यात बसणार का?”

चार दिवस नाही, अकरा वर्षं झाली. आजही लोक चावी घेऊन येतात आणि वरद गल्ल्यावर असला तर विचारतात, “काकू नाहीत का?” आणि चावी खिशात घालून थांबतात. तो हसून मला हाक मारतो. त्या प्रकारानंतर मी माधवीला नवीन शिलाई मशीन घेऊन दिलं, तेव्हा ती माझ्या पाया पडली. म्हणाली, “चूक पोराची आणि भरपाई तुम्ही करता.” तेव्हाही मी गप्प राहिले. याची मला लाज वाटते. गाळा मी माझ्या मुलाला देते आहे, आणि त्याचं चांगलं नाव मीच त्याच्याकडून घेतलेलं आहे. ते मी या कलमाने परत करते. चावी मी दिली होती. मला माहीत असूनही दिली होती. माझ्या मृत्यूनंतर हे कलम दुकानासमोर मोठ्याने वाचावं.

कलम ६. वरचं कलम लिहून झाल्यावर मी ते माधवीला वाचायला दिलं, कारण साक्षीदार म्हणून मला तीच हवी होती. तिने वाचून कागद घडी घालून परत दिला. फळीवरची आपली चावी काढली आणि गेली. आठ दिवस दुकानात आली नाही. आठ दिवस मला जेवण गोड लागलं नाही, आणि वरदला वाटलं माझी साखर वाढली.

रविवारी सकाळी, दुकानात गर्दी असताना, ती आली. “काकू, सही करते मी. पण हे तुम्ही गेल्यावर वाचायचं नाही. आत्ता वाचा. मेल्यावर माफी मागून त्याला काय फायदा? मी अकरा वर्षं त्याच्याकडून काडेपेटीसुद्धा घेतली नाही.”

मी उभी राहून वाचलं. चष्मा असून अक्षरं दिसत नव्हती, म्हणून अर्धं पाठ म्हटलं. अण्णा बाकावरून उठून उभे राहिले. किणीकर दही घ्यायला आले होते, ते दही हातात घेऊन ऐकत राहिले. वरद पोहे तोलत होता. त्याने मान वर केली नाही. माझं वाचून झाल्यावर म्हणाला, “आई, जरा सरक ना, गिऱ्हाईक खोळंबलंय.” पण त्याच्या हातून पोहे काट्याबाहेर सांडत होते आणि त्याला कळत नव्हतं.

माधवीने त्याच्यापुढे हात केला. “वरद, भाविका चारला क्लासवरून येईल. तिलाच दे, दुसऱ्या कोणाला नाही.”

“हो ताई,” तो म्हणाला आणि चावी घेतली.

तिच्यामागे दोन जण चावी घेऊन उभे होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मग चाव्या त्याच्या हातात दिल्या. किणीकरही त्यात होते.

तेव्हा कलम पाचमधली माझी शेवटची सूचना मी रद्द करते. आता मेल्यावर वाचायचं काही उरलेलं नाही. कलम दोन कायम. त्या रविवारी जेवून मी घरी आडवी झाले. खाली दुकान उघडं होतं, आणि एकोणतीस वर्षांत पहिल्यांदा मी दुपारची गाढ झोपले.

वरील सर्व मजकूर मी स्वतः लिहिला, पुन्हा वाचला, तो मला मान्य आहे. खालील दोघांच्या देखत मी सही केली आणि त्या दोघांनी माझ्या देखत.

(सही) सरस्वती हरिचंद्र तेलवणे

साक्षीदार १: (सही) माधवी रमेश पवाळे, मधुमालती सोसायटी, दुसरा मजला. हिला या मृत्युपत्राने काहीही मिळत नाही.

साक्षीदार २: (सही) धम्मदीप गौतम सोनकांबळे, शेजारचे मेडिकल. यालाही नाही. गोळ्यांवर सूट देत नाही तो.

ठिकाण: हेंद्रेपाडा, बदलापूर पश्चिम
तारीख: १६ नोव्हेंबर २०२५