निंबावरची गुळवेल

चांदूर बाजार
२० ऑगस्ट २०२५

ती. दादास,
गोदाचा सा. न. वि. वि. आमी खुशाल आहो असं लिवा लागते म्हणून लिवलं. फोनवर तू नुसतं काय-काय करतं अन् ठेवून देतं, म्हणून शेवटी कागद काढला. कानाचं मशीन घे म्हणून किती डाव सांगतलं, पण मास्तर कोनाचं आइकते!

बगिच्याचे हाल पाहवत नाहीत. आंबिया बहाराचे संत्रे दोन सालापासून गळतच होते, औंदा तं सडाच पडून रायला. उचलून पायलं तं फळाले सुईच्या टोकाएवढं भोक, दाबलं की रसाची चिळकांडी. नितेश फवारे मारून मारून कावला. दिवाळीपर्यंत गळ थांबली नाही तं जेसीबी लावून अख्खा बगीचा काढतो अन् हरभरा पेरतो म्हणते. तीनशे झाडं नितेशच्या बाबानं दहा वर्सं लेकरावानी वाढवले. ते गेले तवापासून मी त्या झाडायकडं पाहूनच दिवस काढते. तू जनमभर सायन्स शिकवलं, काई तरी उपाय सांग.

सावकाश लिव, पण लिव.
तुही,
गोदा

हिवरखेड
२८ ऑगस्ट २०२५

चि. गोदास,
अनेक आशीर्वाद. तुझ्या नावामागं गं. भा. लिहायला चार वर्षं झाली तरी हात धजत नाही, म्हणून नुसतं चि. लिहितो. मशीन घेतलं आहे. कपाटात आहे.

भोक पाडणारा एक जाडा पतंग असतो. दिवेलागणीला येतो, सोंड खुपसून रस पितो, आणि भोकातून फळ सडतं. पण गंमत ऐक. त्याची अळी संत्र्याचं पान तोंडातही घेत नाही. ती वाढते गुळवेलीवर, नाहीतर वासनवेलीवर. काळपट अळी, अंगावर डोळ्यांसारखे ठिपके. म्हणजे पाळणा एका घरी आणि जेवण दुसऱ्या घरी! नितेश जेवणाच्या घरी फवारे मारतोय. त्यानं पतंग मरत नाही, मरतात ते पतंगाची अंडी खाणारे किडे, कोळी अन् मधमाश्या. धुऱ्या-बांधावरची वेल मुळासकट काढली तर बगीचा वाचू शकतो.

तेव्हा बगिच्याजवळ गुळवेल आहे का, एवढंच उलटटपाली कळव. पोरगा उतावळा आहे, त्याला तोवर धरून ठेव.
तुझा,
महादेवदादा

चांदूर बाजार
९ सप्टेंबर २०२५

ती. दादास,
सा. न. तुहं पत्र भेटलं. साऱ्या धुऱ्यानं फिरून पायलं. गुळवेल आपल्याकडं कोठीच नाही. वासनवेलही नाही.

महालक्ष्म्या बऱ्या झाल्या. नितेशनं काल अजून एक फवारा मारला. बांधावरच्या बाभळीचं मोहोळ उठून गेलं. सकाळी बगिच्यात गेली तं एक पाखरू बोलत नव्हतं. तुह्या गुडघ्याले तेल लावत जाय.

माया असू दे.
गोदा

हिवरखेड
२० सप्टेंबर २०२५

चि. गोदास,
आशीर्वाद. वेल नसेल तर माझं शास्त्र इथं संपलं. झाडंच थकली असतील. नितेशनं मेसेज करून माझं मत विचारलं होतं. मी कळवलं, की मामाजवळ उपाय उरला नाही, तुला पटेल तसं कर. तू त्याला आता अडवू नकोस. जिवाला लावून घेऊ नकोस.
तुझा,
महादेवदादा

चांदूर बाजार
६ नोव्हेंबर २०२५

ती. दादास,
गोदाचा नमस्कार. सोमवारी जेसीबी आला. दोन दिवसांत तीनशे झाडं आडवे. हिरवे संत्रे फांद्यायलेच होते. नितेश धुऱ्यावर पाठ करून उभा होता, माह्याकडं पाहे ना.

दादा, मी तुले खोटं लिवलं. धुऱ्यावरच्या कडूनिंबावर गुळवेल हाये. मनगटाएवढी झाली. करोनाच्या साली तूच तिचे कांडे ओल्या पोत्यात बांधून अकोटच्या एसटीनं धाडले होते, काढा द्या म्हणून. नितेशच्या बाबाले ताप होता तरी आइकलं नाही, सोताच्या हातानं निंबाच्या बुडाशी लावली, सुतळीनं बांधली. नवव्या दिवशी ते गेले. त्यायनं लावलेलं शेवटचं हेच.

तुहं पत्र आलं त्याच दिवशी मी निंबाखाली गेली. डोळेवाली अळी पानावर बसून होती. विळा हातात होता, पण सुतळीची गाठ दिसली अन् माहा हात उचललाच नाही. तुले खरं लिवलं असतं तं तू सोताले खात बसला असता. मले वाटलं, वेलही राहीन, बगीचाही राहीन. नऊ दिवसाच्या वेलीपायी त्यायच्या दहा वर्साचे झाडं गेले, अन् ते माह्यानं गेले. नितेशले अजून सांगतलं नाही. तो लोकायले सांगून रायला, झाडं म्हातारे झाले होते, मामाच म्हणे.

राग आला तं राग लिव, पण लिव.
तुही,
गोदा

हिवरखेड
१३ नोव्हेंबर २०२५

चि. गोदास,
आशीर्वाद. कशाचा राग गं? ते कांडे मी विसरलो नव्हतो. ऑगस्टमध्ये तुला वेलीबद्दल विचारलं तेव्हाही पोतं डोळ्यांसमोर होतं. मीच पाठवले, हे लिहायची हिंमत झाली नाही. तू नाही म्हणून कळवलंस आणि मला हायसं वाटलं, म्हणून दुसऱ्यांदा विचारलं नाही. चाळीस वर्षं पोरांना सांगत आलो, की स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय लिहू नका. एका एसटीचं अंतर होतं, गोदा. मी आलो नाही, आणि पोराला झाडं काढायचा मेसेज केला.

मंगळवारी सकाळच्या गाडीनं येतो. नितेशला मी सांगतो, तू मधे बोलू नकोस. शेजारच्या चंद्रभानचा बगीचा अजून उभा आहे. पतंग आता तिकडे जातील, गेलेही असतील. विळ्याला धार लावून ठेव. सुतळीची गाठ तेवढी मी सोडवून तुला देईन, आणि वेल दोघं मिळून कापू.

तुझा,
महादेवदादा