दारात अडवलेलं ताट

गिरगाव, मुंबई
ता. २६ डिसेंबर १९५६

चि. मनमोहन यास ताईचा सलाम.

प्रभूच्या दयेने आम्ही दोघी बऱ्या आहोत. आईचा खोकला उतरला, गुडघे मात्र तसेच. तिने तुझ्यासाठी लोकरीची बंडी विणायला घेतली आहे, छातीचं माप कळव. चाळीत रोज सभेची नाहीतर प्रभातफेरीची गडबड असते. समोरच्या अप्पांनी कठड्याला ‘मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे’ असा फलक बांधला आणि त्यांच्या सुनेने नेमकी त्यावरच धोतरं वाळत घातली. परवा त्यावरून मोठं रणकंदन झालं.

ही झाली खुशाली. आता तुझ्या पत्राचं.

चार पानं लिहिलीस आणि त्यात आईची चौकशी दीड ओळ. बाकी सगळे रोमी लोक आणि त्यांचा सूर्यदेव! पंचवीस डिसेंबर हा मुळात सूर्यपूजकांचा सण, प्रभूच्या जन्माची तारीख पवित्र शास्त्रात कुठेच नाही, हिरव्या फांद्या टांगणं मूर्तिपूजकांचं, म्हणून यंदा घरात चांदणी लावू नका, करंज्या करू नका. पाळकांच्या शाळेत जाऊन पुरती दोन वर्षं झाली नाहीत, तोच आम्हाला फर्मानं सोडायला लागलास. पत्र नाताळच्या आदल्या दिवशी सकाळी आलं. आईने ते वाचलं, चष्मा काढला आणि करंज्यांसाठी भिजवलेला रवा तसाच झाकून ठेवला. तिचा तो चेहरा बघून माझं डोकं असं भडकलं म्हणून सांगू!

अरे, तू ज्या वारी उपासना करतोस तो रविवार कोणाच्या नावाचा? उद्या लग्नात बायकोच्या गळ्यात काळे मणी घालशील, खाली क्रूस ओवून. ते मणी काय यरुशलेमहून आले? आजोबा ख्रिस्ती झाले तेव्हा आजीच्या माहेरच्यांनी दार लावून घेतलं. तिने तिथून आणलेलं करंज्यांचं कातण मात्र टाकलं नाही. नाताळच्या करंज्या आपण अजून त्याच कातणाने कापतो. मुळं शोधत बसलास तर आपल्या घरात चिमूटभर मीठही उरायचं नाही.

लोक सण का करतात ते मला विचार. कोणाच्या दारात उगाच जाता येत नाही म्हणून करतात. सूर्य राहिला बाजूला.

खरं तर दिवाळीबद्दल मी तुला चकार शब्द लिहिणार नव्हते. पण तूच पत्रात लिहिलंस, ‘दिवाळीत मी आईला वेळीच थांबवलं, तसंच आता.’ वेळीच म्हणे!

शेजारच्या अंबिकाकाकूंचा रघुवीर जानेवारीत गेला. हापिसातून घरी येत होता, नाक्यावर पोलिसांची गोळी लागली. ज्या घरचं माणूस वर्षभरात गेलं, त्या घरी दिवाळीला कढई चढत नाही, शेजारीपाजारी आपल्या घरचा फराळ नेऊन देतात. तू याच चाळीत वाढलास, तुला हे सांगायला नको. आईने आणि मी आयुष्यात पहिल्यांदा दिवाळीचा फराळ तळला, तो त्यासाठी. ताट माझ्या हातात होतं. तू दारात आडवा उभा राहिलास आणि म्हणालास, “हा असुराच्या मरणाचा आणि दिव्यांच्या पूजेचा सण आहे. आपल्या घरातून हे ताट जायचं नाही.” आई म्हणाली, “राहू दे गं, भांडण नको.” तू ताट माझ्या हातातून घेऊन फळीवर ठेवलंस. पुढे चार दिवस त्यातल्या करंज्या मात्र तूच खात होतास.

मी भांडले असते. पण मग भांडायचं कारण तोंडाने सांगावं लागलं असतं.

दर दिवाळीला काकूंकडचं ताट आपल्याकडे कोण आणायचं, आठवतं? रघुवीर. आणि नाताळला आपलं ताट त्यांच्याकडे मी न्यायची. वर्षातून दोनदा आम्ही एकमेकांच्या दारात उभे राहायचो आणि सबंध चाळीत कोणाला त्यात वावगं दिसायचं नाही. तुझ्या रोमी लोकांचे आणि त्या असुराचे आमच्यावर एवढे उपकार आहेत. बाकीचं लिहीत नाही.

नाही, लिहितेच. आम्ही लग्न करणार होतो. या उन्हाळ्यात दोन्ही घरी सांगायचं ठरलं होतं. त्याला नेलं तेव्हा मी बायकांच्या घोळक्यात उभी होते आणि शेजारीण रडेल तेवढंच रडले. त्याहून जास्त रडायचा मला हक्क नव्हता. त्या ताटाच्या निमित्ताने मला काकूंपाशी घटकाभर बसता आलं असतं. मला एवढंच हवं होतं रे.

तुझं पत्र आलं त्या दुपारी मी रव्यावरचं झाकण काढलं आणि आईला विचारलं, “तू लाटतेस की मी लाटू?” तिने लाटल्या. चांदणीही लावली. काल संध्याकाळी ताट घेऊन काकूंकडे गेले.

काकूंनी ताटाकडे पाहिलंसुद्धा नाही. म्हणाल्या, “दिवाळीला का नाही आलीस गं?”

“जमलं नाही, काकू.”

“सगळ्या चाळीची ताटं आली. मी आपली तुझ्या वाटेकडे डोळे लावून बसलेली. रघूने मला सगळं सांगितलं होतं. म्हटलं, मी कशाला बोलावू? पोरीला माया असेल तर दिवाळीला येईलच की. तू आली नाहीस. मग म्हटलं, माझ्याच लेकाचा जीव जडला होता, हिला त्याचं काही नव्हतं.”

दिवाळीपासून कालपर्यंत ती बाई असं धरून चालली होती, मनमोहन. मेलेल्या लेकासाठी आणखी तेवढं दुःख तिने एकटीने गिळलं. काल आम्ही दोघी मिळून रडलो. मी पहिल्यांदा हवं तेवढं रडले.

नववर्षाला येणार आहेस असं लिहिलंस. ये. पण आधी काकूंच्या दारात जा, मग आपल्या. त्यांना काय सांगायचं ते तुझं तू ठरव.

पत्राच्या शेवटी धाकट्याला आशीर्वाद लिहायची रीत आहे. आईचा घे. माझा आज निघत नाही.

सरोजिनी