मागे राहायची पाळी

फिलिन्नाताई,

स्पार्टाचं सैन्य येतंय म्हणून प्लाटियातल्या बायका-मुलांना अथेन्सला धाडलं, तेव्हा शिपायांसाठी जवाच्या भाकऱ्या भाजायला मागे राहायची पाळी माझी होती.

"ताई, मला दिवस गेलेत," मी म्हटलं.

तू माझ्या हातातली पिठाची परात घेतलीस. "मग जा तू. मी थांबते."

मला दिवस गेले नव्हते. मी घाबरले होते.

आता शहर पडलंय. पुरुषांना मारलं, तुम्हा बायकांना विकलं. कुठे, ते कुणालाच ठाऊक नाही.

गेल्या हिवाळ्यात आपल्या शेजारचा निकोन वेढ्यातून निसटून इथे आला होता. तू विणलेलं आंगडं त्यानं माझ्या हातात ठेवलं.

"भाचा चालायला लागला असेल, म्हणत होती. कुठाय तो?"

"झोपलाय," मी म्हटलं.

तुझी,
लिसिला