विहिरीतल्या हिरव्या गोट्या

४ जानेवारी १९३१. जळगाव जामोद.
वाचनालयात पुस्तक परत द्यायला गेले तर टेबलावर घमेलंभर गोट्या. मातीच्या, वरून हिरव्या झिलईच्या. रावसाहेबांनी नवा मळा घेतला, त्यातली बुजलेली विहीर उपसताना निघाल्या म्हणे. रावसाहेब वकील, मी शिकवते त्या मुलींच्या शाळेच्या कमिटीचे चेअरमन, जुन्या वस्तूंचे षोकीन. भोवती पाचसात मंडळी. "विलायती माल. जर्मनीचा असावा. आपल्या कुंभाराला मडक्यापलीकडे काय येतं?" सगळे हसले. मी कुंभाराची मुलगी हे त्यांतल्या निम्म्यांना ठाऊक. रा.सा.ना तर नक्कीच, माझ्या अर्जावर जात लिहिलेली आहे.
मी हसले नाही. पण बोललेही नाही. घरी येऊन भाकरी अशी थापली की फाटली. असल्या गोट्या बा करायचा. मी पाहिलंय. सहा वर्षांची असेन.

६ जाने.
शाळेत ठेवायला रा.सा.नी चार गोट्या पाठवल्या. मधल्या सुट्टीत खिडकीशी बसले. दुसरीतल्या यमुनेकडून तिची तपकिरी विलायती गोटी मागून घेतली. शेजारी शेजारी ठेवून पाहिलं.
विलायती: अगदी गोल. अंगावर दोनतीन वाटोळे कोरडे डाग. भट्टीत एकमेकींना टेकल्या, तिथं झिलई बसली नाही. टवका उडालाय तिथं आत करडी, दगडासारखी.
आपली: किंचित चपटी. कोरडा डाग एकच, बुडाशी, त्यात राख रुतलेली. डोक्यावर सुईएवढं भोक. ते काट्याचं! बाभळीच्या काट्यावर टोचून बा हिरव्या रबडीत बुडवायचा, काटा भट्टीत जळून जायचा. टवक्यात लाल माती. झिलईखाली बोटांचे ठसे. बारीक बोटं.
म्हणे जर्मनी!

९ जाने.
रा.सा.ना सांगितलं. भोक दाखवलं, राख दाखवली. चष्मासुद्धा लावला नाही त्यांनी. "बाई, तुम्ही मुलींना बाराखडी शिकवा. हे पारखीचं काम आहे, त्याला अभ्यास लागतो."
बाहेर आल्यावर हेडबाई म्हणाल्या, "कशाला वाकड्यात शिरतेस? पुढल्या महिन्यात कमिटी बसायची आहे." हे.बाई वाईट नाहीत. भितात. आज मला भित्र्यांचाही राग येतोय.
सगळे मुद्दे एका कागदावर लिहून रा.सा.च्या घरी पाठवले. शेवटी लिहिलं: एक फोडून पाहावी.

११ जाने. रविवार
गावी गेले. बा चाकावर, संक्रांतीच्या सुगडांची घाई. गोटी त्याच्या हातावर ठेवली. चाक आपोआप थांबेपर्यंत तो तिच्याकडे पाहत राहिला.
"कुठं सापडली?"
"रावसाहेबाच्या विहिरीत."
"माही नोहे."
"बा, काट्याचं भोक आहे. मी पाहिलंय तुला बुडवताना."
"माही नोहे म्हनलं ना!"
आणि परत चाक. तिकडे तो वकील हसतो, इकडे हा स्वतःचीच वस्तू नाकारतो. मी ओरडले. शेजारच्या बाया डोकावल्या. पाणीसुद्धा न पिता निघून आले. बैलगाडीत सगळी वाट दातओठ खात होते.

१४ जाने. संक्रांत
रा.सा. स्वतः शाळेत आले, तिळगूळ घेऊन. "बाई, तुमचंच खरं. फोडली. लाल माती." मोठ्या मनानं म्हणाले, हे लिहिलं पाहिजे. महिनाअखेरीच्या प्रदर्शनात गोट्या मांडणार, पाटी 'स्थानिक कुंभाराची जुनी कला'. बानं तिथं बसून नव्या करून दाखवाव्या, शाळेतल्या मुलींना एकेक वाटायची.
मी म्हटलं, कुंभाराला नाव असतं. मग "बरं, घालू नाव."
जिंकले. वर्गात आवाज चढाच लागत होता.

१८ जाने. रविवार
लिहून ठेवते.
बाला सगळं सांगितलं. मला वाटलं, खूश होईल. तो म्हणाला, "नाव नोको टाकू, माय."
"काऊन?" माझ्याही तोंडून घरचंच निघालं.
"तुह्या मायनं केल्या त्या. मी निरा बुडवो. वये ती. मुरदाडशिंगबी तीच दये."
मुरदाडशिंग म्हणजे शिशाची पिवळी पूड. झिलई तिनंच चढते. गोट्या वळायची आई, आणि ही पूडही तीच दारं लावून जात्यावर दळायची, बाहेर उडू नये म्हणून.
आईचं पोट दुखायचं, लोळायची. मग मनगटं लुळी पडली, भाकर थापता येईना. मग गेली. मला सांगितलं होतं, शेजारच्या गोदामावशीनं करणी केली.
बा सांगत होता, मातीकडे पाहत: ती गेल्यावर बऱ्हाणपूरला गेला, ज्या कारागिरानं झिलई शिकवली त्याच्याकडे. "त्यानं पयले हेच इचारलं, दयलं कोनं? म्हने, आमच्या घरातले तिघं असेच गेले." परत येऊन सगळा माल त्या कोरड्या विहिरीत ओतला.
"आणि गोदामावशी?"
तो माती मळायला लागला.
"तुले मालूम होतं बा. तिनं काही केलं नाही म्हणून."
"लोकायनं म्हटलं. म्या कदी म्हटलं नाही."
"नाही असंही म्हटलं नाहीस!"
त्याचे डोळे भरले. मला कीव आली नाही. अजून येत नाही.

१९ जाने.
चोवीस वर्षं. गोदामावशीच्या घरी कुणी जात नाही, तिला कुणी बोलावत नाही. नवरा गेला तेव्हा खांद्याला माणसं मिळेनात. मी स्वतः, सात वर्षांची, तिच्या दारावर शेण फेकलं होतं. ती बाहेर आली, माझ्याकडे पाहिलं आणि दार पुसायला लागली.
ते ठसे आईचे. चार गोट्या पेटीत ठेवल्या होत्या, काढून पुन्हा पाहिल्या. तिची एवढीच खूण उरली.

२१ जाने.
रा.सा.ना म्हटलं, नव्या करायच्या नाहीत, मुलींना वाटायच्या नाहीत. पाटीवर आईचं नाव घाला आणि लिहा की या झिलईत विष आहे, दळणारी त्यानं गेली.
"डिप्टीसाहेब यायचे आहेत. असली अभद्र पाटी?"
"खरी आहे."
मग अगदी शांतपणे: "मग राहू द्या. 'विलायती'च लिहितो."
त्यांनीच फोडली होती! त्यांनीच पाहिली लाल माती! चार गोट्या परत मागितल्या. देणार नाही म्हटलं. हे.बाई मागून पदर ओढत होत्या. नोकरी राहील न राहील. दुपारी सगळ्या मुलींना सांगितलं, हिरवी गोटी कुणी तोंडात घालायची नाही.

२५ जाने. रविवार
प्रदर्शन काल सुरू झालं. पाटी विलायतीचीच आहे असं ऐकलं. गेले नाही, गावी आले.
बाला म्हटलं, ऊठ. गोदामावशीकडे चल.
"मी काय बोलू तिच्याशी?"
"मले जे सांगितलं ते."
"लोकं काय म्हनतीन?"
"लोकांचं मी नंतर पाहते."
त्यानं कोपरापर्यंत हात धुतले, टोपी घातली. आमच्या दारापासून तिचं दार वीस पावलं असेल. तिथवर जायला त्याला फार वेळ लागला. गल्लीतल्या बाया सुपं खाली ठेवून उभ्या राहिल्या.
कडी मी वाजवावी म्हणून त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी हात पुढे केला नाही. वाजवली त्यानंच.
आतून म्हातारा आवाज: "कोन हाय?"
बाचे ओठ हलले. आवाज निघाला नाही.
"कोन हाय वं? कोनी येत नाही इकडं."
मला सांगता आलं असतं. मी तोंड मिटून उभी राहिले. आत काठी टेकत कुणीतरी दाराकडे यायला लागलं होतं.