राजूरच्या चढावर दिलेलं चाक

प्रिय पंकजा,

तुझे फोन येऊन गेले. मी उचलले नाहीत, मुद्दामच. फोनवर तू मला बोलू देतेस कुठं? दोन वाक्यं होत नाहीत तोवर "अगं ऐक ना" म्हणून सुरू होतेस, आणि मग ऐकणारी मीच. कागदावर तरी तुला मध्ये तोंड घालता येणार नाही.

इकडं जामखेडला सगळं ठीक. माणसं ऊसतोडीला गेली, गावं निम्मी रिकामी झाली. शाळेतल्या पुष्कळ पोरी आता आजी-आजोबांपाशी. मी त्यांची खेळाची बाई, शाळा सुटली की जवळजवळ आईच. आपल्या सायकलसफरीचा व्हिडिओ या पोरींनी इतक्यांदा पाहिलाय की तुझं भाषण त्यांना पाठ आहे. छान बोललीस हो. जामखेड ते भंडारदरा, दोन मैत्रिणी, सायकलवर! शाल काय, फेटा काय, मागं तुझ्या सुप्याच्या कंपनीचा बॅनर काय! बॅनरवरच्या फोटोत मीपण आहे. स्टेजवर नव्हते एवढंच.

पहिला दिवस आठवतो तुला? कडा गावाच्या अलीकडं बाभळीच्या काट्यानं तुझी ट्यूब गेली. तू नवी ट्यूब घातलीस, हवा भरलीस, थोडं पुढं गेलो तर ती पण बसली. काटा टायरातच होता ना बाई! टायरच्या आतून बोटं फिरवून काटा हुडकायचा असतो, हे मी तुला रस्त्यात बसून दाखवलं. माझ्या बोटातून रक्त आलं तर तुझाच जीव वरखाली झाला. त्या दिवशी तू खरंच माझी मैत्रीण होतीस. दुसऱ्या दिवशी राहुरीपाशी तुझी चेन तुटली. उसाच्या ट्रॉल्या अंगाला घासून जात होत्या, मी काळ्या हातांनी कडी जोडत होते आणि तू फोटो काढत होतीस. तेव्हाही मला राग आला नाही. असते एकेकीला हौस, म्हटलं.

मग राजूरच्या पुढचा चढ. तुझ्या मागच्या चाकाच्या तारा तटातट तुटल्या आणि चाक असं वाकडं झालं की फिरेचना. ते सरळ करायचं तर नव्या तारा हव्यात, आणि तारा तर आपल्या दोघींकडंही नव्हत्या. तू कडेला बसून रडायला लागलीस. वर भंडारदऱ्याला कंपनीचे साहेब लोक सत्काराला येऊन थांबलेत, माझी इज्जत जाईल, माझं कसं व्हायचं! तुझं रडणं मला कधीच बघवलं नाही. सायकली आपण एकदमच घेतलेल्या, एकाच मापाच्या. मी माझं मागचं चाक काढलं आणि तुझ्या सायकलला बसवलं. कुणी सांगितलं होतं मला! तू म्हणालीस, वर पोचले की चाक गाडीत घालून परत पाठवते, उरलेला चढ तू चढून ये, तोपर्यंत मी समारंभाच्या नारळाला हात लावणार नाही. स्वतःहून आईची शपथ घेतलीस.

मी चहाच्या टपरीवर बसून राहिले. उन्हं कलली तेव्हा पिकअप आली. आत चाक नव्हतं, नुसता ड्रायव्हर. अजिनाथ नाव त्याचं, आपल्याच तालुक्यातला. बिचारा खाली बघत म्हणाला, "ताई, कार्यक्रम उरकला. मॅडम म्हनल्या तुमचा दम सपला, तुमाला घिऊन या." दम संपला? अगं, ज्या चाकावर तू वर गेलीस ते कुणाचं होतं? आणि माईकवर काय म्हणालीस? "पुष्पाचा दम वाटेतच संपला, पण मी जिद्द सोडली नाही." टाळ्या पडल्या. तो व्हिडिओ मी थांबवून थांबवून पाहिला, तिथं तरी तू अडखळतेस का म्हणून. नाही अडखळलीस.

हेही मी गिळलं असतं. पण मी पोरींची सफर ठरवली होती, जामखेड ते नगर. डोळे झाकून काटा काढतात गं माझ्या पोरी! तुझं भाषण गावोगाव फिरलं आणि एकेकीच्या घरून नकार यायला लागले. एकीची आजी, भागूबाई, शाळेच्या फाटकात उभी राहून म्हणाली, "बाई, तुमी यवढ्या दनकट, तर तुमचाच दम ग्येला. माजी नात काय करनार? तिचे आईबाप कारखान्यावर हायेत. काय झालं तर मी त्यांना काय तोंड दावू?" काय सांगायचं मी तिला? माझी मैत्रीण खोटं बोलली म्हणून? ते रडगाणंच वाटलं असतं. आता सफरीला एकही पोर उरली नाही. भागूबाईची नात मला हळूच विचारते, बाई, तुम्ही खरंच दमला होता का? मी नाही म्हणाले. तिला पटलं नाही, दिसलं मला.

हा कागद का काळा केला ते आता सांगते. आमच्या स्नेहसंमेलनाला हेडसरांनी तुला प्रमुख पाहुणी म्हणून बोलावलंय आणि तू होही म्हणालीस, हे मला काल शाळेत कळलं. तुझी ओळख करून द्यायचं काम माझ्याकडं आलंय. घाबरू नकोस, नीट करून देईन. चाकाचा शब्दही काढणार नाही. तो तू काढायचास. माझ्यासाठी नको, माझं मन तुझ्यावरून उडालं ते उडालंच. पोरींसाठी बोल. बोललीस तर त्या जातील. नाही बोललीस तर यंदा काही जात नाहीत, आणि पुढच्या वर्षी त्यातल्या निम्म्यांची लग्नं ठरलेली असतील. त्यांच्या घरच्यांना मी पहिल्या रांगेत बसवणार आहे. भागूबाई मधोमध असेल. जे काय बोलशील ते तिच्याकडं बघून बोल.

अजून तरी तुझीच,
पुष्पा