दुधी काचेखालचा उजेड

६ जानेवारी १९५८, सोमवार
आज कामावर रुजू झाले. दापोडीहून गाडीने चिंचवडला उतरले. आईने डब्यात गुळपोळी दिली होती. घरातली पहिली पदवीधर मी, आणि कामही मनासारखं: बाटल्यांच्या कारखान्यात उजेड मोजायचा. तपासणीच्या टेबलावर बायका बाटल्यांतले बुडबुडे नि तडे शोधतात. त्यांना उजेड पुरतो का, ते मी सांगायचं. कमी भरला तर नवे दिवे येतील. टेबलावरच्या शालनबाई म्हणाल्या, शिकल्याली पोर आली, आता आमचं डोळं वाचत्याल.

८ जानेवारी
उजेड मोजायचा मापक तळहाताएवढा आहे. नुसत्या काचेवरून तिरपा उजेड निसटतो, काटा कमी दाखवतो. वर दुधी काच बसवली की बाजूचा उजेडही धरला जातो. मापक टेबलावर आडवा ठेवायचा, आपली सावली पडू द्यायची नाही. सगळीकडे उजेड हवा त्याच्या निम्माच. टोकाच्या रिकाम्या जागी तर काटा शून्यावर. डोळ्यांना मात्र तिथे शेजारच्याइतकाच उजेड दिसतो. ती कौशल्याबाईंची जागा, शालनबाई म्हणाल्या. नजर गेली होती त्यांची. रूळ ओलांडताना गाडी दिसलीच न्हाई. जेवणाच्या सुट्टीत बायका तळवे चोळून डोळ्यांवर धरतात, ती सवय कौशल्याबाईंनीच लावलेली.

१० जानेवारी
साधी काच, दुधी काच, बटरपेपर, सगळं लावून पाहिलं. भर दुपारी टोकाला शून्य. बाकी जागी काटा ठीक हलतो. ऊन तिथवर येत नाही, तरी काच उचलली तर कोमट लागली. कुणी हात ठेवून नुकताच उचलावा तशी. फार थकले आहे.

१३ जानेवारी
आमचे साहेब उद्धवराव. म्हणाले, दुधी काच काढा, मापक हातात धरून त्याचं तोंड दिव्याकडे करा, मागच्या साली असंच मोजलं होतं. बाटल्या काय दिव्याला टांगून तपासतात, असं मी विचारलं. ते हसले. दिवे मागणाऱ्याला इथे फार दिवस कुणी ठेवत नाही, हेही हसतच सांगितलं. शालनबाईंना आता सुई ओवता येत नाही.

१५ जानेवारी
मोजलं. मापकाचं तोंड दिव्याकडे करून. काटा भराभर चढला. उजेड पुरेसा, असं लिहून सही केली. शालनबाईंनी कालचा राहिलेला तिळगूळ हातावर ठेवला, उजेड भरला का विचारलं. मी हो म्हटलं.

१६ जानेवारी
डोळ्यांवर ऊब येते. गाडीत, उन्हात. पापण्या मिटलेल्या नसताना अंधारून—

१७ जानेवारी
टोकाच्या जागी मापक ठेवला. दुधी काच, आडवा. आज काटा शेजारच्याइतकाच. तिथे आता कुणी नाही. मग कौशल्याबाई कुठे—

१८ जानेवारी
कामावर गेले नाही. खिडकीत बसले आहे, दुपार आहे. आई म्हणते उजेड लख्ख आहे. मागे कुणीतरी तळवे चोळतंय, खरखरीत. आई तर चुलीपाशी—
सही खोटी आहे. शालनबाईंना सांगायला हवं, उजेड निम्माच— टेबलावर आडवा ठेवून मोजा, दिव्याकडे नको—
ओळ दिसत नाही. ऊब. दोन्ही डोळ्यांवर. कौशल्याबाई, मी सांगते, मी उद्याच जाऊन सां